ज्योत असावी, ज्वाळा नसावी

समुद्रातून तेल काढणारी माणसे एक गोष्ट फार सहजपणे सांगून जातात. घरसंसार सांभाळणाऱ्या माझ्यासारख्या स्त्रीचे मन मात्र ती ऐकून अस्वस्थ होते. ती गोष्ट म्हणजे, तेलाबरोबर वर येणारा वायू तेथल्या तेथेच जाळून टाकणे.

माझे थोरले बंधू ऐंशीच्या दशकात मुंबई हायवर नोकरीस होते. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरांवर, भर समुद्रात, पोलादी पायांवर उभ्या असलेल्या मंचावर चौदा दिवस काम आणि मग चौदा दिवस घरी विश्रांती, असा त्यांचा क्रम असे. सुटीत ते अलिबागकडच्या आमच्या गावी आले की चुलीपाशी बसून तिकडच्या हकिकती सांगत. लांब दांड्याच्या टोकाशी रात्रंदिवस पेटलेली ज्वाळा, तिची घरघर, तिच्या उजेडाने तांबूस दिसणारे रात्रीचे पाणी. आई ओल्या लाकडांवर फुंकणी मारीत ऐकत असे. एकदा डोळे पुसत ती म्हणाली, "अरे, तिथे एवढा जाळ फुकट जातो आणि इथे मला शेरभर तांदळासाठी धूर खावा लागतो! थोडा इकडे आणायला काय होते?"

दादा हसले नाहीत. "आई, तेल जहाजात भरून आणता येते. वायूला किनाऱ्यापर्यंत नळ लागतो, आणि त्या नळात ढकलणारे यंत्र लागते," एवढेच ते म्हणाले.

आईचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. भूगर्भात तेल प्रचंड दाबाखाली असते आणि वायू त्यात विरघळलेला असतो. सोड्याची बाटली उघडताच बुडबुडे यावेत, तसा तेल वर येताना दाब उतरतो व वायू सुटा होतो. तेल हवे म्हणजे हा वायू आलाच. त्याला नेणारा नळ नसेल, नळाच्या दुसऱ्या टोकाशी घेणारा कारखाना नसेल, किंवा काँप्रेसर बंद पडला असेल, तर तो हवेत सोडणे किंवा जाळणे एवढेच मार्ग उरतात. सोडणे अधिक वाईट. कारण त्यातील मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायॉक्साइडच्या पंचवीस पटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो. म्हणून जाळतात. परंतु जाळल्यानेही सारे पाप फिटत नाही. अमेरिकेच्या तेलक्षेत्रांवर विमानातून केलेली मोजमापे २०२२ साली प्रसिद्ध झाली. अशा ज्वाळांतून मिथेनचा सुमारे ९८ टक्के भाग नष्ट होतो असे मानले जात होते. प्रत्यक्षात तो ९१ टक्केच होतो असे आढळले.

आपल्याकडे हे का घडले, हेही समजून घेतले पाहिजे. १९७४ साली 'सागर सम्राट' या वेधनमंचाने मुंबई हायचे तेल शोधले, तेव्हा जगात तेलाचे भाव नुकतेच कडाडले होते. देशाला तेलाची निकड होती. १९७६ साली उत्पादन सुरू झाले. पुढे उरणपर्यंत समुद्रतळाशी नळ आले, तुर्भे-थळच्या खतकारखान्यांना वायू मिळू लागला, हाजिऱ्याहून विजयपूर-जगदीशपूरपर्यंत लांब वाहिनी गेली. तथापि तेल जितक्या वेगाने वाढले, तितक्या वेगाने ही सोय वाढली नाही. १९९०-९१ साली देशात निघालेल्या सुमारे १८ अब्ज घनमीटर वायूपैकी चतुर्थांशाहून अधिक जळून गेला. त्यातला मोठा वाटा मुंबईजवळच्या समुद्रातला होता. १९९१ साली जागतिक बँकेने केवळ ही जाळपोळ कमी करण्यासाठी भारतास कर्ज मंजूर केले. नवे नळ आणि काँप्रेसर बसले, आणि शतक संपेतो हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आत आले.

आमच्या घरी गॅसचा सिलिंडर आला तोवर आईची दृष्टी अधू झाली होती. समुद्रातील ती ज्वाळा आणि तिचे डोळे यांचा थेट संबंध जोडणे न्यायाचे होणार नाही. पण उरणला त्याच वायूतून स्वयंपाकाचा गॅस वेगळा काढतात हे मला पुढे कळले, तेव्हा मी बराच वेळ गप्प होते.

आज उपाय अज्ञात नाहीत. वायू किनाऱ्यावर न्यावा. नेता येत नसेल तर पुन्हा भूगर्भात ढकलावा, विहिरीत सोडून तेल वर उचलण्यास वापरावा, किंवा मंचावरच त्याची वीज करावी. नॉर्वेने तर आपल्या समुद्रात जवळजवळ आरंभापासूनच दंडक घातला, की सुरक्षिततेचे कारण नसता परवानगीविना वायू जाळायचा नाही, आणि वायूची सोय सांगितल्याविना तेल काढायचे नाही. इतरत्र हा विवेक दुर्मिळ आहे. २०२३ साली जगात सुमारे १४८ अब्ज घनमीटर वायू असा जळाला. आपल्या देशात वर्षभर खपणाऱ्या वायूच्या दुपटीहून हा अधिक आहे.

ज्वाळा अजिबात नकोच, असे मात्र दादा कधी म्हणाले नाहीत. मंचावर अकस्मात दाब वाढला, तर तो वायू माणसांपासून दूर नेऊन जाळून टाकण्यावरच त्यांचे प्राण अवलंबून असतात. त्यासाठी दांड्याच्या टोकाशी एक लहानशी ज्योत सदैव तेवत असते. ती राहावी. जावी ती दुसरी, पुढचा विचार न केल्यामुळे पेटलेली मोठी ज्वाळा. ती समुद्रावर जाऊन विझविता येत नाही. विहीर खणण्याचा आराखडा कागदावर असतो, तेव्हाच "तेलाबरोबर येणाऱ्या वायूचे काय?" असे कोणीतरी विचारावे लागते, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहावे लागते.