ओहम, म्हो आणि अठरा दिवस

आपल्याकडे 'लव्हबर्ड' म्हणून जे छोटे रंगीत पक्षी विकतात, ते लव्हबर्ड नसतातच मुळी! खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, आखूड शेपटीचे. आपले ते बजरिगर, ऊर्फ बजी. मूळचे ऑस्ट्रेलियाचे. तिथल्या रानात ते हिरवे-पिवळे असतात आणि थव्याने भटकतात. १८४० मध्ये जॉन गूल्ड या पक्षीतज्ज्ञाने ते जिवंत इंग्लंडला नेले. पुढे पिंजऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या वाढता वाढता निळे, पांढरे, राखाडी असे रंग आले. एवढं ज्ञान आधीच पाजळून घेते, कारण पुढे माझी विकेट जाणार आहे. दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकलेय मी. 'अंडं' या शब्दावर अनुस्वार एक की दोन, यावरच माझी आणि मैत्रिणीची अर्धा तास जुंपली होती. (दोन. ती जिंकली.)

तर २०२४ च्या जूनमध्ये आमच्या शेजाऱ्यांची बंगलोरला बदली झाली आणि त्यांची बजीची जोडी पिंजऱ्यासकट आमच्या गॅलरीत आली. बाबा सिन्नरजवळच्या खेड्यात वाढलेले. ते म्हणाले, "पाखरू कोंडून ठेवणं मला पटत नाही. सोडून द्या." पण पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात जन्मलेल्या बजीला बाहेर सोडणं म्हणजे कावळ्याला पार्सल पाठवणं. त्यांना दाणे कुठे शोधायचे हेही ठाऊक नसतं. हा मुद्दा मी बाबांना पटवून दिला. पटला, आवडला नाही. "ठीक आहे, पण वाढवायचे नाहीत. आणि सेमिस्टरवर परिणाम झालेला चालणार नाही," असा निकाल लागला.

नरमादी ओळखणं सोपं असतं. चोचीच्या वर नाकपुड्यांभोवतीचा मऊ भाग निळा असला तर बहुतेक नर, तपकिरी असला तर मादी. आम्ही इलेक्ट्रॉनिक्सवाले, म्हणून नराचं नाव ओहम आणि मादीचं म्हो. (एफ.ई.ला झोपा काढणाऱ्यांसाठी: ओहम उलटा वाचला की म्हो.) आजीला हे काही जमेना. तिने परस्पर 'ओम' आणि 'मऊ' करून टाकलं.

बाबांचं "वाढवायचे नाहीत" हे म्होच्या कानावर गेलं नसावं. ती पिंजऱ्याच्या तळाशी कोपरे उकरायला लागली. शेवटी आजीनेच कुंभाराकडून बाजूला भोक पाडलेलं छोटं मडकं आणवलं, आत लाकडाचा भुसा घातला आणि बाबांना सांगितलं, "बाळंतिणीला खोली द्यावी लागते. यात विचारायचं काय?" आईपुढे बाबा काय बोलणार!

ऑगस्टमध्ये एक दिवसाआड एक अशी सहा अंडी झाली. सुपारीपेक्षा लहान, पांढरीशुभ्र. उबवते फक्त मादी. ओहम मडक्याच्या तोंडाशी येऊन तिला भरवायचा, एवढीच त्याची ड्यूटी. अठरा दिवस झाले. वीस झाले. पंचविसाव्या दिवशी म्हो मडक्यातून बाहेर आली ती परत गेलीच नाही. मी अंधारात अंड्यांमागे मोबाईलचा टॉर्च धरून पाहिलं. सहाच्या सहा स्वच्छ, रिकामी. पक्ष्यांची पहिली खेप बऱ्याचदा अशीच जाते म्हणे.

संध्याकाळी जेवताना कुणी फारसं बोललं नाही. आजी ताटाकडे बघत म्हणाली, "माझंही पहिलं राहिलं नव्हतं." बाबांचा हात घास घेता घेता थांबला. ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. आपण थोरले, एवढंच त्यांना पन्नास वर्षं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी बाबा ऑफिसमधून येताना समुद्रफेस घेऊन आले. अंड्याच्या कवचासाठी मादीला कॅल्शियम लागतं, हे त्यांनी कुठून वाचलं मी विचारलं नाही.

दुसरी खेप २४ ऑक्टोबरला सुरू झाली. तेवढ्यात आमच्या ग्रुपला मिनी प्रोजेक्टची आयडिया सुचली: इन्क्युबेटर! आर्डुइनो, तापमानाचा सेन्सर, एक बल्ब, झालं! पण कोंबडीचं पिल्लू अंड्यातून निघालं की काही तासांत उभं राहतं आणि लवकरच स्वतः दाणे टिपायला लागतं. बजीचं पिल्लू उघडं, आंधळं, मान उचलण्याचीही ताकद नसलेलं. आईने पोटातून काढून भरवलेलं पातळ अन्न मिळालं नाही तर ते जगतच नाही. ते सर्किट कोण डिझाइन करणार? आम्ही मुकाट्याने ट्रॅफिक सिग्नल कंट्रोलर केला. म्हो मात्र कुठल्याही फीडबॅक लूपशिवाय, चोचीने अंडी फिरवत, ऊब बरोब्बर सांभाळत होती.

पाचवं अंडं आलं १ नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी. बाहेर फटाक्यांचा कहर. आम्ही खिडक्या लावल्या, पिंजऱ्यावर जाड चादर टाकली. बाबांनी खाली जाऊन सोसायटीतल्या पोरांना लवंगी दुसऱ्या गेटकडे लावायला सांगितलं. दिवाळी संपल्यावर पुन्हा टॉर्च लावला आणि यावेळी दिसलं! आत एक ठिपका आणि त्यातून फुटलेल्या बारीक लाल रेषा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. पुस्तकात शंभर वेळा आकृती काढली असेल, पण ही रक्ताची होती, जिवंत होती. तिसरं अंडं तेवढं रिकामं निघालं.

११ नोव्हेंबर. सकाळी दहाला माझी डी.एस.पी.ची ओरल. पहाटे पाचला उठून फूरिए ट्रान्सफॉर्म घोकत गॅलरीत आले तर बाबा आधीच तिथे! अंधारात, स्टुलावर, मडक्याला कान लावून. मला हाताने 'शू' केलं. मीही कान लावला. आतून टिक... टिक... आणि मग इतका बारीक 'ची', की आपल्याला भास झाला असं वाटावं. पिल्लाच्या चोचीच्या टोकावर एक कठीण कण असतो. त्याने ते अंड्याच्या रुंद बाजूला गोल गोल टोचत जातं आणि टोपी काढल्यासारखं कवच उघडतं. म्हो पाणी प्यायला बाहेर आली तेव्हा आम्ही डोकावलो. गुलाबी, ओलं, करंगळीच्या टोकाएवढं काहीतरी पाठीवर पडून पाय हलवत होतं. वजन जेमतेम दोन ग्रॅम!

"अगं आई, ये लवकर!" बाबा असे ओरडले की समोरच्या काकूही बाहेर आल्या.

ओरलला बाह्य परीक्षकांनी विचारलं, "सॅम्पलिंग थिअरम सांगा." मी इतकी हसत सांगितला की ते गोंधळलेच. मार्क चांगले मिळाले.

दोन-दोन दिवसांच्या अंतराने पिल्लं येतात, त्यामुळे थोरल्यात आणि धाकट्यात आठ दिवसांचं अंतर पडतं. शेवटचं १९ नोव्हेंबरला बाहेर आलं तेव्हा थोरलं त्याच्यासमोर पैलवान दिसत होतं. आम्हाला सगळी काळजी त्या धाकट्याची. पण गेलं ते त्याच्या आधीचं, तिसऱ्या दिवशी, काही कारण न कळता. बाबांनीच त्याला मोगऱ्याच्या कुंडीत पुरलं. आजीने त्या दिवशी देवाला दिवा जरा लवकर लावला. धाकटं मात्र चिवट निघालं. म्हो त्याला रोज खेचून स्वतःच्या पोटाखाली घ्यायची आणि उताणं पाडून भरवायची. घशाखालची पिशवी फुगलेली दिसली की आम्ही निवांत. दहाव्या दिवसाच्या सुमारास डोळे उघडले, मग अंगभर काटे आले, काट्यांतून पिसं.

१५ डिसेंबरला, म्हणजे चौतिसाव्या दिवशी, थोरलं पिल्लू मडक्यातून सरळ बाहेर उडालं आणि जाळीला धडकलं. लागलं नाही. पण बाबा बराच वेळ त्या जाळीकडे बघत बसले. पुढच्या रविवारी अँगल आणि बारीक जाळी आणून त्यांनी गॅलरीचा अर्धा भाग पक्ष्यांसाठी बंद केला. बारा फूट लांब! आता ते पाचही जण या टोकापासून त्या टोकापर्यंत खरोखर उडतात. मडकं आम्ही काढून ठेवलंय. लागोपाठ खेपा झाल्या तर मादी खंगते, आणि आणखी पक्ष्यांना जागा कुठे आहे?

मित्रांनो, पक्षी पाळा असं मी मुळीच सांगणार नाही. आपले पोपट पाळणं तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हाच आहे. पण पिंजऱ्यातच जन्मलेला एखादा जीव तुमच्या दारात आलाच, तर त्याला 'आझाद' करून मोकळे होऊ नका. त्याला जागा द्या, वेळ द्या. कोंडणं चूक की बरोबर, हा वाद आमच्याकडे अजून मिटलेला नाही. बाबा अजूनही म्हणतात, "मला हे पटत नाही." फक्त हल्ली ते हे राळ्याची वाटी भरता भरता म्हणतात.