कोर्टाची पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आमचे वडील म्हणत. एका प्रकाशकाने माझ्या कादंबरीचे मानधन बुडवले, तेव्हा मीही शहाणा ठरलो. खरे कारण एवढेच, की वकिलाची आगाऊ फी माझ्या दोन पगारांएवढी होती!

म्हणूनच अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या सुसमन गॉडफ्री या वकिलांच्या पेढीचा मला हेवा वाटतो. १९८० साली स्टीफन सुसमन यांनी ती काढली. व्यापारी दावे लढवणे, एवढाच व्यवसाय. पुष्कळदा फी जिंकल्यावर, मिळालेल्या रकमेतून. हरले तर वकिलांचेही श्रम पाण्यात. साहजिकच दावा पारखून घ्यावा लागतो, अन् त्या पारखेतूनच लौकिक वाढला. २०२३ साली फॉक्स वाहिनीने डोमिनियन या मतदानयंत्रांच्या कंपनीला ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन बदनामीचा दावा मिटवला. डोमिनियनच्या बाजूने हीच पेढी उभी होती. २०२५ साली राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी पेढीविरुद्धच हुकूम काढला. काही बड्या पेढ्यांनी अशा वेळी तडजोड केली. ही मात्र स्वतःच कोर्टाची पायरी चढली, आणि जूनमध्ये वॉशिंग्टनच्या न्यायाधीशांनी तो हुकूम रद्द केला.

आपल्याकडे वकिलाला दाव्याच्या रकमेत वाटा घेता येत नाही. वकिलाने पक्षकाराचा भागीदार होऊ नये, हे मला पटतेही. पण दिवाळीच्या साफसफाईत ती जुनी कादंबरी हाती लागते, अन् वाटते, हात धरून पायरी चढवणारा कोणी भेटता, तर मी आनंदाने वेडा ठरलो असतो!