दोनदा जिंकूनही 'आश्चर्य' ठरलेला संघ

फैज फझल भारतासाठी एकच वनडे खेळला. जून २०१६, हरारे. सलामीला येऊन नाबाद ५५ केले, भारत दहा गडी राखून जिंकला. त्यानंतर त्याला परत कधीच बोलावणं आलं नाही. बादच झाला नाही म्हणून रेकॉर्डमध्ये त्याच्या सरासरीच्या जागी नुसती रेघ आहे.

याच फैजच्या कप्तानीत विदर्भाने २०१७-१८ आणि २०१८-१९ असे लागोपाठ दोन रणजी करंडक जिंकले. दोन्ही वर्षी इराणी करंडकही. विदर्भ रणजी खेळतोय १९५७-५८ पासून. म्हणजे साठ वर्षं फायनलचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं.

मी चंद्रपूरचा. तिकडच्या माणसाला पुण्यात दोन प्रश्न ठरलेले असतात: वाघ दिसतो का, आणि गडचिरोलीत जायला भीती नाही का वाटत. विदर्भाची बातमी म्हणजे अनुशेष, शेतकरी आत्महत्या नाहीतर ४७ डिग्री. त्यामुळे डिसेंबर २०१७ मध्ये हेडलाइनमध्ये 'विदर्भ' आणि 'विजयी' हे शब्द शेजारी दिसले, तेव्हा बरं वाटायला क्रिकेटवेडं असायची गरज नव्हती.

तो सेमीफायनल कोलकात्याला होता, कर्नाटकशी. विदर्भ पहिल्या डावात १८५. करुण नायरने एकट्याने १५३ केले आणि कर्नाटकने ११६ धावांची आघाडी घेतली. पाच दिवसांच्या नॉकआउटमध्ये एवढी आघाडी म्हणजे अर्धा सामना गेला. पण दुसऱ्या डावात विदर्भाने ३१३ काढले. त्यात ८१ गणेश सतीशचे, जो मूळचा कर्नाटकचाच, तिथून विदर्भात आलेला. कर्नाटकला हवे होते १९८. चौथ्या दिवशी खेळ थांबला तेव्हा ७ बाद १११. शेवटच्या सकाळी ते एकेक धाव करत १९२ पर्यंत आले आणि संपले. पाच धावांनी! आम्ही पोरं मोबाइलवर स्कोअर रिफ्रेश करत होतो आणि प्रत्येक रिफ्रेशला कोणीतरी म्हणायचं, "गेली बे मॅच."

ज्याने ती जाऊ दिली नाही, तो रजनीश गुरबानी. त्या डावात सात बळी, सामन्यात बारा. आणि हा बाबा सिव्हिल इंजिनीअर! "आधी डिग्री घे, मंग काय करायचं ते कर" हे वाक्य ऐकून मोठे झालेल्या आमच्यासारख्यांना तो लगेच घरचा वाटला.

फायनल इंदूरला, दिल्लीविरुद्ध, तीही उमेश यादवशिवाय, कारण तो दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर. गुरबानीने पहिल्याच डावात हॅट्ट्रिक घेतली, तिन्ही त्रिफळाचीत. रणजी फायनलमधली ती इतिहासातली दुसरीच हॅट्ट्रिक. अक्षय वाडकरने १३३ केले. १ जानेवारी २०१८ ला विदर्भ नऊ गडी राखून जिंकला. विजयी फटका एकोणचाळीस वर्षांच्या वसीम जाफरचा. मुंबईकडून आठ रणजी जिंकून झालेला माणूस, अनेकांच्या लेखी संपलेला. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, त्यांनाही आदल्याच मोसमानंतर मुंबईने बदललं होतं.

एनबीए बघणाऱ्यांना २००४ चा डेट्रॉइट पिस्टन्स आठवेल. शॅक आणि कोबीच्या लेकर्सना त्यांनी ४-१ ने हरवलं. बेन वॉलेसला ड्राफ्टमध्ये कोणीच घेतलं नव्हतं, चॉन्सी बिलप्स बऱ्याच संघांमधून फिरून आला होता. इतरांना नको झालेली माणसं आणि एक कडक कोच. असा संघ जिंकला की लोक चकित होतात, पण पोस्टर मात्र हरलेल्या स्टारचंच लावतात.

विदर्भाचंही तेच. पहिल्या वर्षी सगळे म्हणाले, आश्चर्य. मग २०१९ ला नागपुरात सौराष्ट्रविरुद्ध आदित्य सरवटेने सामन्यात अकरा बळी घेतले, चेतेश्वर पुजाराला १ आणि ० वर काढलं, तरी शब्द बदलला नाही. गुरबानी, सरवटे, वाडकर, अक्षय वखरे, यांच्यापैकी एकही भारताकडून खेळला नाही. फैज २०२४ मध्ये निवृत्त झाला, ती रेघ तशीच ठेवून.

आश्चर्य हा शब्द कौतुकाचा वाटतो, पण त्याचा अर्थ असतो: तुमच्याकडून अपेक्षा नव्हती. आणि अपेक्षा नसलेल्या माणसाला एकदा जिंकून भागत नाही. त्याला दरवेळी शून्यापासून सिद्ध करावं लागतं.

हे लिहिताना नागपूरला वेगळं काढता येत नाही. मुंबई-दिल्लीने नागपूरला मोजलं नाही हे आम्हाला नीट कळतं, कारण नागपूर आम्हाला कितपत मोजतं हेही आम्हाला ठाऊक आहे. संघाच्या नावात अकरा जिल्हे आहेत. चंद्रपूरहून जामठ्याचं स्टेडियम दीडशेच्या आसपास किलोमीटर, सिरोंच्याच्या पोराला तर आधी अख्खा गडचिरोली जिल्हा ओलांडावा लागतो. त्याच्या टेनिस बॉलच्या यॉर्करला लेदर बॉल कधी मिळणार, हा प्रश्न दोन करंडकांनी सुटलेला नाही. तरी जिंकले तेव्हा चंद्रपुरात कोणी 'नागपूर जिंकलं' म्हटलं नाही. आपण जिंकलो, असंच म्हटलं.

त्या संघाची खरी किंमत कोणी केली असेल, तर त्याच्याकडून हरलेल्यांनी. इंदूरच्या फायनलमध्ये दिल्लीकडून १४५ करणारा ध्रुव शोरी पुढे विदर्भाचा सलामीवीर झाला. कोलकात्यात १५३ करणारा करुण नायरही विदर्भात आला आणि २०२५ च्या फायनलमध्ये केरळविरुद्ध त्याने ८६ आणि १३५ केले. त्या सामन्यात केरळकडून गोलंदाजी करत होता आपला आदित्य सरवटे. पहिल्या डावातल्या आघाडीवर विदर्भाने तिसरा रणजी करंडक घेतला, तेव्हा कप्तान होता इंदूरचा शतकवीर अक्षय वाडकर. करंडक उचलताना त्याचे फोटो मी पाहिले. खालच्या मथळ्यांत यावेळी 'आश्चर्य' हा शब्द मला कुठे दिसला नाही.