प्रवचनाला बसणाऱ्या भाचीस

चि. सई,


यंदा सप्ताहाच्या पत्रिकेत तुझ्या नावाआधी 'ह. भ. प.' छापून आलं म्हणे! त्याचा तुला संकोच, आणि 'प्रवचन' या शब्दाचा तर चक्क राग. घरात कुणी लांबण लावली की आपण "प्रवचन पुरे" म्हणतो, तेच आता आपण चारचौघांत करायचं का, असं तू विचारलंस. शब्दाची ही अब्रू आपणच घालवली, बाई.

'वच्' म्हणजे बोलणं. 'प्र' लागला की ते बोलणं पुढच्याला नीट समजावून देणं होतं. तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत कर्तव्यं सांगितली आहेत: सत्य, तप, अतिथी, मुलंबाळं. प्रत्येकासोबत एकच जोडी पुन्हापुन्हा येते, स्वाध्याय आणि प्रवचन. शंकराचार्य तिथे प्रवचनाचा अर्थ अध्यापन असा देतात. म्हणजे आधी शिकायचं आणि मग शिकवायचं. नाक मौद्गल्य नावाचा ऋषी तर म्हणतो, हेच खरं तप. बुद्धवचनाला पालीत 'पावचन' म्हणतात, आणि कुंदकुंदाचार्यांच्या 'प्रवचनसार'मध्येही प्रवचन म्हणजे जिनांची शिकवण. गंमत म्हणजे आत्मा प्रवचनाने लाभत नाही, असं कठोपनिषदाने बजावून ठेवलंय. ते मात्र व्यासपीठावरून फारसं ऐकू येत नाही!

कीर्तनाचा थाट तुला ठाऊक आहे. बुवा उभे, पाठीशी टाळकरी, बाजूला पखवाज. बुवांना दम लागला की टाळकरी चाल उचलून धरतात. प्रवचनाला हा आधार नाही. दुपारी चारची वेळ, तापलेला मंडप, समोर पोथी आणि तू एकटी. मागे आचारी रात्रीच्या पंगतीची वांगी चिरत असतो, पुढे आज्या वाती वळत असतात. त्यातली एखादी डुलकी घेतेय असं वाटेल, पण ओवीतला एक शब्द इकडचा तिकडे झाला की तीच आधी मान वर करते. पारायणं करून करून तिची ज्ञानेश्वरी कानात बसलेली असते. अर्थ सांगताना तिच्याकडे बघून सांग. मोबाइलवरच्या महाराजांची लकब उचलू नकोस, आवाजही उगाच चढवू नकोस.

तरीही शब्द बोचत असेल तर 'निरूपण' म्हण. दासबोधात कितीतरी समासांच्या नावांना हाच शब्द जोडलेला आहे. वस्तूचं रूप ऐकणाऱ्याला दिसेल असं उलगडून सांगणं, एवढाच त्याचा अर्थ. मला स्वतःला तो प्रवचनापेक्षा मऊ वाटतो.

ओवी ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायातली घे. एकच घे, तासाभराला ती पुरून उरते. कोणती घेतलीस ते कळव. ताईला नमस्कार.

तुझा,
मामा