चमचा 'तो', काटा 'ती'!
"आजी!" एवढा एक शब्द मराठीत, पुढे सगळं जर्मन! स्टुटगार्टची नात फोनवर बोलायची नि मी नुसती हसायची. फार लागायचं ते.

शेवटी बासष्टाव्या वर्षी वही घातली. शिकवणी नाही, दुपारी भांडी आवरली की मोबाईलवर डॉइचे वेलेचा 'निकोस वेग' हा फुकटचा, गोष्टीतून शिकवणारा अभ्यासक्रम. रोज एकच पाठ.

मैत्रिणींनो, जर्मनमध्येही आपल्यासारखी तीन लिंगं आहेत बरं का! मूल तिथंही 'ते'च. पण चमचा 'तो', काटा 'ती' आणि सुरी चक्क 'ते'! मग 'तो'ला निळी, 'ती'ला लाल, 'ते'ला हिरवी शाई अशा चिठ्ठ्या स्वयंपाकघरभर डकवल्या. ह्यांना साखरेचा डबा सापडेना, ते सोडा.

परवा विचारलं, "काय जेवलीस?" नातीनं आधी माझी चूक सुधारली, मग बटाट्याचं सूप सांगितलं. मग शाळेचं. सांगतच राहिली.