अजरखपूर : धुण्यातून उमलणारा रंग

मुंबईहून कच्छ एक्स्प्रेसने संध्याकाळी निघालेला प्रवासी दुसऱ्या दिवशी सकाळी भूजला उतरतो. तिथून भचाऊच्या रस्त्याने सुमारे १५ किलोमीटर गेले की अजरखपूर लागते. गावात शिरताच लाकडी ठशांची ठकठक कानावर पडते आणि मोकळ्या जागेत वाळत घातलेले लाल-निळ्या कापडाचे लांबच लांब पट्टे दिसू लागतात.

हे गाव जुने नाही. इथले मुस्लिम खत्री कारागीर मूळचे सिंधचे. कच्छच्या रावांच्या बोलावण्यावरून त्यांचे पूर्वज सुमारे ४०० वर्षांपूर्वी आले आणि सारण नदीकाठी धमडका गावात स्थिरावले. पुढे नदी आटली. मग २६ जानेवारी २००१ चा भूकंप झाला. माणसे गेली, घरे गेली आणि जमिनीखालच्या पाण्यात लोहाचे प्रमाण वाढले. अजरखसाठी कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवतात. हिरड्याला लोह लागले की काळा रंग तयार होतो. म्हणजे धुण्याच्या पाण्यातच लोह असेल, तर लाल आणि पांढरा रंग काळवंडणारच. म्हणून अनेक कुटुंबांनी चांगले पाणी शोधले आणि तिथे नवे गाव वसवले. काही कुटुंबे मात्र धमडक्यातच राहिली.

अजरखचा निम्मा जीव धुण्यात आहे. कोरे कापड एरंडेल तेल, सोडा आणि उंटाच्या लेंड्यांच्या मिश्रणात मुरवून पुन:पुन्हा धुतात. मग हिरडा. चुना आणि डिंकाच्या छपाईने पांढऱ्या रेषा राखल्या जातात. भंगार लोखंड आणि गूळ आंबवून काळा रंग होतो, तुरटीच्या छपाईवर लाल चढतो. निळीच्या हौदातून हिरवट निघालेले कापड हवा लागताच निळे होते. प्रत्येक टप्प्यानंतर धुणे आणि वाळवणे आहेच. अरबीत ‘अजरक’ म्हणजे निळा, त्यावरून हे नाव पडले असे मानतात. कारागीर मात्र गमतीने ‘आज रख’ म्हणतात. आज राहू दे, घाई नको!

या कलेचे जाणकार इस्माईल मोहम्मद खत्री यांना इंग्लंडच्या डी मॉन्टफोर्ट विद्यापीठाने २००३ मध्ये मानद डॉक्टरेट दिली. २०२४ मध्ये कच्छी अजरखला भौगोलिक मानांकनही मिळाले.

इतक्या कष्टाचा दुपट्टा आपण घरी आणतो आणि पहिल्याच धुण्यात त्यावर ब्रश चालवतो. तसे करू नये. पहिली दोन-तीन धुणी वेगळी, थंड पाण्यात करावीत. निळीचे थोडे पाणी सुटते, ती वरवर राहिलेली नीळ असते. रिठा किंवा सौम्य साबण पुरतो. धुण्याचा सोडा लाल रंगाची छटा बदलतो आणि ब्लीचने नीळ उडते. डाग पडला म्हणून लिंबू चोळू नये, आंबटाने काळ्या रेषा फिक्या होतात. कापड भिजत ठेवू नये, घट्ट पिळू नये. झटकून, उलटे करून सावलीत वाळवावे आणि इस्त्री उलट बाजूने करावी.

कारागीर तर उन्हात वाळवतात, मग आपण सावलीत का? त्यांचे ऊन रंग घडताना लागते, तेही मोजके. तयार कापडावर रोजचे ऊन पडले तर रंग उडतो, मग तो अजरखचा असो की बाजारातल्या साध्या छापील कुर्त्याचा. साध्या छपाईत रंग बहुधा कापडावर चिकटवलेला असतो, म्हणून गरम पाणी आणि घासणे तिथे अधिकच टाळावे.

अजरखपूरच्या कारागिरांना आज पुन्हा पाण्याचीच चिंता आहे. भूजलाची पातळी खाली जात आहे आणि ही कला पाण्यावाचून चालत नाही. एक दुपट्टा तयार व्हायला किती पाणी लागले ते आठवले, तर तो दोन वर्षांत टाकून द्यावासा वाटणार नाही. नीट धुतलेला अजरख आईकडून मुलीकडे जातो, आणि जुना झाला की अंगाला अधिकच मऊ लागतो.