तीस दिवसांची नोटीस

सरकारने माणसाच्या घरात पाऊल घालूच नये, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नव्हे. 1891 साली संमतिवय 10 वरून 12 वर नेणाऱ्या कायद्याला टिळकांनी विरोध केला, आगरकरांनी पाठिंबा दिला; माझे मत आजही आगरकरांच्या बाजूचे आहे. तेथे प्रश्न होता तो संमती म्हणजे काय हेही जिला ठाऊक नव्हते, अशा बालिकेचा. परंतु 1954 च्या विशेष विवाह कायद्याने सज्ञान वधूवरांवर जी पाळत ठेवली आहे, ती कोणाच्या रक्षणासाठी? त्यांची नावे, वये, धंदे, पत्ते विवाह-अधिकाऱ्याच्या कचेरीत सर्वांच्या दृष्टीस पडतील असे लावायचे आणि 30 दिवस थांबायचे. कोणाचे कायमचे घर दुसऱ्या जिल्ह्यात असेल, तर एक प्रत तिकडेही धाडायची! हरकतीची कारणे कायद्याने ठरवून दिली आहेत, हे खरे. पण जातीबाहेर लग्न करणाऱ्या मुलीच्या संतप्त बापाला हरकत कोठे घ्यायची असते? त्याला पत्ता हवा असतो. भटजींसमोर सप्तपदी चालणाऱ्यांकडे (तेही सज्ञानच!) असली नोटीस कोणी मागत नाही. 2021 च्या जानेवारीत अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने ही प्रसिद्धी वधूवरांच्या इच्छेवर सोपवली. त्यापूर्वी माझ्या ओळखीच्या एका जोडप्याने तो महिना मित्रांच्या घरी लपून काढला होता. लग्नाच्या सह्या होताच वधूने प्रथम विचारले ते, फलकावरचा कागद काढला का, एवढेच.